नळीसमोरच्यांचा होकार

कोलाडच्या आसपास, कुंडलिकेच्या दोन्ही अंगांना डोंगरउतारावर शेतकऱ्यांची जी जुनी घरं आहेत, त्यांतल्या काहींत एके काळी ठासणीची बंदूक असायची. नांगर, कोयता, इरलं यांच्याबरोबरीनं ती शेतीच्या अवजारांतच मोडायची. बाकीची अवजारं पडवीत राहायची आणि बंदूक माजघरात, एवढाच फरक. वरकस जमिनीतली नाचणी-वरी आणि खालच्या खाचरांतलं भात रानडुकरांपासून राखायचं, हे तिचं काम. अशा घरात मूल वाढताना एक प्रश्न कधी ना कधी उभा राहायचाच : या पोराच्या हातात बंदूक द्यायची कधी?

माझ्या आजोबांच्या पिढीनं या प्रश्नाला जे उत्तर शोधलं होतं, ते माझं वय वाढतंय तसतसं मला अधिक शहाणपणाचं वाटू लागलं आहे. त्यांनी वर्षं मोजली नाहीत. नेम तर अगदी शेवटी बघितला. पोराच्या बापाला एकट्याला ते ठरवायचा अधिकारही नव्हता. ज्यांना त्या बंदुकीच्या नळीसमोर वावरायचं आहे त्यांनी ‘चालेल’ म्हणायचं, आणि ते म्हणाले तरच पोराच्या हाती बंदूक द्यायची, असा आमच्या घरचा रिवाज होता. हे मी ऐकलं ते आजोबांकडून, आजीकडून, बाबांकडून आणि डुकरं उठवायला रान हाकणाऱ्या, कातकरवाडीतल्या एका म्हाताऱ्याकडून. त्याला आम्ही सगळी मुलं म्हातारबाबा म्हणायचो.

आधी डुकरांची गोष्ट सांगायला हवी, कारण बंदूक घरात आली ती त्यांच्यामुळे. भात निसवलं, दाणा दुधात आला, की डुकरं करवंदीच्या जाळ्यांतून रात्री खाली उतरतात. एक कळप एका रात्रीत जेवढं खातो त्याच्या कितीतरी पट तुडवतो. सकाळी खाचरात उभं राहिलं, की आडव्या झालेल्या भातात चिखलाच्या वाटा पडलेल्या दिसतात. पूर्वी ही राखण भाद्रपदापासून कार्तिकापर्यंत असायची. पुढे तिचा काळ वाढला, आणि त्यामागे डोंगरापलीकडचं कारण होतं. वर मुळशीला टाटांनी धरण बांधलं आणि ते पाणी घाटाखाली सोडून भिऱ्याला वीज काढायला सुरुवात केली. भिऱ्याचं वीजघर १९२७ साली सुरू झालं. त्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी मावळातल्या शेतकऱ्यांना घेऊन सत्याग्रह केला होता. तिकडच्या माणसांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. इकडे आमच्या कुंडलिकेला उन्हाळ्यातही पाणी राहू लागलं. पुढे डोलवहाळचा बंधारा झाला, त्यातून कालवे निघाले आणि कोलाडकडच्या खाचरांत उन्हाळी भातही उभं राहिलं. एका बाजूच्या माणसांचं गेलं आणि दुसऱ्या बाजूला आलं, हे आजोबा कधी विसरले नाहीत. उन्हाळी भाताचं पहिलं पीक घरात आलं तेव्हा त्यांनी आजीला सांगितलं, ‘‘ह्यात मावळाच्या लोकांचा घास हाय.’’ पीक दुबार झालं तशी राखणही दुबार झाली.

राखण म्हणजे शेताच्या कडेला चार खांबांवर बांधलेला माळा, त्यावर पेंढा, खाली धुमसणारी शेकोटी, वाजवायला रिकामा डबा आणि मोठ्यानं हाळी घालू शकेल असा गळा. बंदूक या सगळ्यानंतर. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण पोरांचं शिक्षण याच क्रमानं व्हायचं.

ठासणीची बंदूक कशी चालते हे आजच्या वाचकाला बहुधा ठाऊक नसेल. तिला मागून काडतूस घालायची सोय नसते. नळीच्या तोंडातून आधी मापानं दारू ओतायची, तिच्यावर काथ्याचा किंवा चिंधीचा बोळा, तो गजानं ठासायचा, मग छर्रे, मग पुन्हा बोळा. मागच्या बाजूला छोट्याशा नळकांडीवर टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, ठिणगी आत जाते आणि बार उडतो. एकदा भरलेला बार सहजासहजी बाहेर निघत नाही. म्हणून भरण्याआधी प्रत्येक वेळी, अगदी आत्ताच आपल्या हातानं बार काढला असला तरी, गज नळीत सोडून बघायचा. नळी रिकामी असेल तर गज तळाच्या लोखंडावर खणकन वाजतो आणि आत पूर्ण बुडतो. भरलेली असेल तर आवाज बसका येतो आणि गजाचं टोक वर राहतं. अंधारात, झोपेच्या गुंगीत, भरलेल्या नळीवर दुसरा बार ठासला तर नळी फुटून ठासणाऱ्याचाच हात जातो.

पावसाळ्यात आणखी एक संकट असायचं. आमच्याकडच्या हवेत दारू सादळते. टोपी फुटते, बार उडत नाही आणि पोराला वाटतं की झालं, फुकट गेला. पण कधी कधी आत ठिणगी धुमसत असते आणि थोड्या वेळानं बार उडतो. म्हणून टोपी फुटून बार उडाला नाही, तर नळी मोकळ्या आभाळाकडे धरून मुकाट्यानं उभं राहायचं. आजोबा त्या वेळात रामनाम घ्यायला लावायचे, सावकाश, एकशे आठ वेळा. नाम घ्यायच्या निमित्तानं पोर थांबायचं. जे पोर पंचवीसपर्यंत येऊन नळीत डोकवायला वाकायचं, त्याचं नाव त्या वर्षापुरतं बाद.

बंदुकीच्या आधी पोरांच्या हातात तीन गोष्टी येऊन जायच्या. पहिली बेचकी. ती कुणी देत नसे, पोरं स्वतःच पेरूच्या फांदीची करून घ्यायची. दुसरी गोफण, पाखरं उडवायला. तिसरा कोयता. घरातली मोठी माणसं या तिन्ही पायऱ्यांवर पोराकडे बघत असायची, आणि त्यांचं बघणं पोराला कळत नसे. म्हातारबाबा मला सांगायचा, ‘‘दगड खय लागला ते समदीच पोरं बगतात. लागल्यावर पुढं खय गेला ते कोन बगतो, ते मी बगायचा.’’

माझ्या थोरल्या काकांची गोष्ट यातूनच निघते. गोफणीत त्यांच्यासारखा हात साऱ्या पंचक्रोशीत नव्हता. आंब्याच्या शेंड्यावरची एकच कैरी ते देठापासून पाडायचे. ताकद होती, धीर होता, रात्री एकट्यानं डोंगरात जायची छाती होती. आजोबांच्या मनात बंदूक त्यांनाच द्यायची होती. आमच्याकडे हे दसऱ्याला ठरायचं. त्या दिवशी बंदूक, कोयते, पाळ-कुऱ्हाड सगळं पाटावर मांडून पूजा व्हायची, झेंडूची माळ नळीला गुंडाळायची आणि संध्याकाळी सोनं द्यायला शेजारपाजारचे आणि वाडीवरचे सगळे यायचे. त्या सगळ्यांसमोर आजोबा विचारायचे, ‘‘यंदा ह्याला माळ्यावर घेतो. कुणाचं काही?’’

थोरल्या काकांच्या वेळी म्हातारबाबा बोलला. ‘‘दादा, पोरगा चांगला हाय. पन ह्याच्या समोर मी रान हाकनार नाय.’’ त्यानं कारणही सांगितलं. पोरगा गोफण मारतो तेव्हा त्याला फक्त कैरी दिसते. कैरीच्या मागं वाट आहे, वाटेनं मोळी घेऊन बाया येतात, हे त्याला दिसतच नाही. आजी म्हणाली, ‘‘मलाही असंच वाटतं.’’ थोरल्या काकांना त्या वर्षी बंदूक मिळाली नाही. पुढच्या वर्षीही नाही. मग त्यांनीच विचारणं सोडलं. ते पुढे आमच्या घरातले सगळ्यांत चांगले शेतकरी झाले, कालव्याच्या पाण्याचं वेळापत्रक साऱ्या गावाला तेच सांगायचे. बंदूक न मिळाल्याचं दुःख त्यांनी उगाळलेलं मी कधी ऐकलं नाही. उलट म्हातारपणी ते मला म्हणाले होते, ‘‘त्या दिवशी म्हातारबाबा गप्प राहिला असता, तर माझ्या हातून कधी ना कधी माणूस गेलं असतं. त्यानं मला वाचवलं.’’

बाबांचा नेम काकांच्या पासंगाला पुरला नसता. पण ते लहानपणापासून बोलके होते आणि तेच त्यांच्या कामी आलं. आजोबांबरोबर माळ्यावर ते नुसते सोबतीला जायचे. एका रात्री खालच्या खाचरात भात हललं. आजोबांचा डोळा लागलेला. बाबांच्या हाताशी भरलेली बंदूक होती, तिला हात लावायची परवानगी नव्हती. त्यांनी तिला हात लावला नाही. त्यांनी जोरात हाळी दिली, ‘‘कोन हाय? बोला, कोन हाय?’’ भात खळबळलं, डुकरं उधळली आणि पळून गेली. बाबांना वाटलं आता शिव्या बसणार, हातची शिकार घालवली. आजोबा उठून बसले आणि म्हणाले, ‘‘भात वाचलं का? मग झालं राखणीचं काम.’’

मला या एका वाक्यात आमच्या सगळ्या रिवाजाचं मूळ दिसतं. माळ्यावर माणूस जातो तो पीक राखायला. डुक्कर पळालं तरी पीक राखलं गेलं, डुक्कर मेलं तरी तेवढंच. मग ‘कोण आहे’ म्हणून विचारण्यात राखणदाराचं काहीच जात नाही. तोटा होतो तो फक्त शिकाऱ्याचा. म्हणून आजोबांच्या माळ्यावर आधी तीनदा हाळी आणि त्यानंतरही जे हलेल, पुढे येईल, दिसेल, त्याच्यावरच बार, असा कायदा होता. आणि म्हणून ज्या पोराला हाळी देताना शिकार हुकल्याची हळहळ वाटत नाही, ते पोर तयार झालं असं समजायचं. त्या वर्षीच्या दसऱ्याला बाबांचं नाव निघालं तेव्हा म्हातारबाबा म्हणाला, ‘‘ह्यो विचारतो. ह्याच्या समोरून मी रातीचा बी जाईन.’’ आजीनं मान डोलावली. बाबा तेव्हा चौदा वर्षांचे होते. पण चौदा हा आकडा कुणी लक्षात ठेवला नाही. ‘ह्यो विचारतो’ हे शब्द मात्र घरात राहिले.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. म्हातारबाबाच्या शब्दाला आमच्या ओटीवर एवढं वजन होतं ते याच एका बाबतीत. मजुरी किती द्यायची, उचल कशी फेडून घ्यायची, वाडीखालची जमीन कुणाच्या नावावर असायची, हे ठरवताना त्याला कुणी विचारलं नाही. कातकरी माणसं कोळशाच्या भट्ट्यांवर आणि शेतांवर राबली, डोंगर त्यांच्याइतका कुणालाच ठाऊक नव्हता, तरी ती भूमिहीनच राहिली. बंदुकीच्या बाबतीत त्याचं ऐकलं गेलं, कारण तिथे त्याच्या नकाराला जोर होता. त्यानं रान हाकायला नाही म्हटलं, की बंदूक नुसती भिंतीवर राहायची. न्यायाची ही जागा लहानच होती. पण आजोबांनी ती मानली, आणि त्यांनी ती का मानली याला मागचा इतिहास होता.

आपल्या देशात बंदूक कुणी बाळगायची हे १८७८च्या शस्त्र कायद्यानं ठरवलं. लॉर्ड लिटनच्या काळातल्या त्या कायद्यानं हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगणं बंद केलं आणि युरोपियनांना त्यातून सूट दिली. पुढच्याच वर्षी आमच्याच जिल्ह्यातल्या शिरढोणच्या वासुदेव बळवंत फडक्यांनी बंड केलं. त्यांचे साथीदार दौलतराव नाईक १८७९च्या मे महिन्यात कोकणात उतरले, पळस्प्याला दरोडा घातला आणि परतताना इंग्रजी फौजेच्या गोळीनं पडले. त्या काळात कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड, जिल्ह्यातल्या साध्या शेतकऱ्याला बंदूक मिळायची ती पिकाच्या राखणीपुरती, परवान्यावर, दारू आणि टोप्यांचा हिशेब देऊन. आजोबांच्या घरी आलेली बंदूक अशीच होती.

डोंगरापलीकडे, मुरुडच्या बाजूला, जंजिऱ्याच्या नवाबाचं संस्थान होतं. आज जे फणसाड अभयारण्य आहे, ते नवाबाचं शिकारीचं रान. १९८६ साली ते अभयारण्य झालं. आता तिथे शेकरू बघायला माणसं जातात. संस्थानी शिकार म्हणजे हाकारे आलेच. डबे बडवत, ओरडत, एका रांगेत माणसं रान हाकत पुढे सरकायची आणि त्यांच्या समोर, रानाच्या पलीकडच्या टोकाला, बंदुका रोखलेल्या असायच्या. आमच्या आजीचं माहेर त्या अंगाला. तिच्या घरची माणसं हाकाऱ्यांत गेलेली. ती सांगायची, ‘‘मचाणावर कोण बसलंय ते हाकणाऱ्याला माहीत नसायचं. साहेब असेल, पाव्हणा असेल, नाहीतर एखादं हौशी पोरगं असेल. तू कोण, तुझा हात कसा, असं विचारायची सोय नव्हती. देवाचं नाव घ्यायचं आणि पुढं चालायचं.’’ दसऱ्याच्या दिवशी ओटीवर तिनं ‘मलाही असंच वाटतं’ म्हटलं, त्या तीन शब्दांमागे माहेरच्या या आठवणी होत्या.

आणि मग चिरनेर. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातल्या चिरनेरला, अक्कादेवीच्या माळावर जंगल सत्याग्रह झाला. शेतकरी, आगरी, कोळी, कातकरी, सगळे कोयते-कुऱ्हाडी घेऊन सरकारी रानातलं लाकूड तोडायला गेले होते. पोलिसांनी गोळीबार केला. त्यात गावोगावची माणसं हुतात्मा झाली. त्यांत नाग्या महादू कातकरी होता. मामलेदार जोशीही त्याच दिवशी तिथेच गोळी लागून गेले. ही बातमी पेणच्या बाजारातून आमच्याकडे पोचली तेव्हा आजोबा विशीत होते. ते सांगायचे, की त्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी एकच गोष्ट होती : गोळी सुटली ती कुणाला लागतेय हे न बघता सुटली, सरकारचा मामलेदारसुद्धा त्यात गेला. घरात पहिल्यांदा बंदूक आली तेव्हा आजोबांनी म्हातारबाबाला बोलावून ती त्याच्यासमोर भरून दाखवली. नाग्याचं नाव त्याच्या वाडीतही सगळ्यांना ठाऊक होतं. ‘‘माझ्या हातून तुमच्यावर कधी गोळी जाता कामा नये,’’ एवढंच आजोबा म्हणाले. पोरांसाठी वाडीचा होकार घ्यायची पद्धत तिथून पडली.

माझ्या वाट्याला बंदूक आली नाही, आणि त्यालाही काळाचं कारण आहे. १९५९च्या शस्त्र कायद्यात परवान्यासाठी किमान वय १६ वर्षं होतं. १९८३ साली त्यात दुरुस्ती झाली आणि ते २१ झालं. त्याखालच्या वयात, शिकण्यापुरती, परवानाधारकाच्या किंवा प्रशिक्षकाच्या नजरेखाली बंदूक हाताळता येते, आणि त्यालाही नियमांनी १२ वर्षांची मर्यादा घातली आहे. त्याआधीच १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीचे दिवस संपत आणले होते. कुलाब्याचा रायगड जिल्हा झाला त्या सुमारास मी माळ्यावर जायला लागलो. मला गज सोडून नळी वाजवून बघायला शिकवलं, दारू सादळू नये म्हणून ती कोरड्या जागी डब्यात मेण लावून ठेवायची, उन्हात मात्र कधी घालायची नाही, हे शिकवलं, आणि हाळी द्यायला शिकवलं. चाप ओढायला कधी शिकवलं नाही. त्याची खंत मला वाटत नाही. जे शिकलो ते बंदुकीच्या पलीकडेही उपयोगी पडलं : मोटारसायकल हाती घेताना, पुढे ट्रॅक्टर चालवताना, ‘मला जमेल का’ याच्या आधी ‘समोर कोण आहे’ हे बघायची सवय लागली.

मुलाच्या हाती पहिली बंदूक देताना देणाऱ्याचीही परीक्षा असते, हे मला सलीम अलींच्या बालपणावरून कळलं. त्यांना मामांनी, अमीरुद्दीन तय्यबजींनी, छऱ्यांची छोटी बंदूक दिली होती. तिनं त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता आणि हा पक्षी कोणता, असं त्या मुलानं मामांना विचारलं. मामांनी ‘चिमणीच ती’ म्हणून विषय संपवला नाही. त्यांनी भाच्याला मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलर्ड साहेबांकडे पाठवलं, आणि भारताला त्याचा पक्षिशास्त्रज्ञ मिळाला. हे कुटुंब सुट्टीला आमच्याच जिल्ह्यात किहीमला यायचं. पुढे १९३० साली सुगरण पक्ष्याचा त्यांचा प्रसिद्ध अभ्यास किहीमलाच झाला. ज्या वर्षी चिरनेरला गोळ्या सुटल्या, त्याच वर्षी त्याच जिल्ह्यात एके काळी बंदूक हाती धरलेला हा माणूस शिडीवर बसून सुगरणीचं घरटं न्याहाळत होता. पाडलेल्या पक्ष्याबद्दल मुलानं विचारलं आणि मोठ्या माणसानं ते मनावर घेतलं, म्हणून हे घडलं. बंदूक देणारा जर प्रश्न ऐकून घेणारा नसेल, तर मूल कितीही तयार असलं तरी त्याचा उपयोग नाही.

आता ठासणीच्या बंदुका कमी झाल्या. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या, निवडणूक झाली की परत आणायच्या, नूतनीकरणाला खेटे घालायचे, यात म्हातारी माणसं थकून गेली. २०१६च्या नियमांप्रमाणे सत्तरी गाठलेल्या परवानाधारकाची बंदूक वारसाच्या नावावर करता येते, पण बाबांनी ती आमच्यापैकी कुणाच्या नावावर न करता सरकारजमा केली. ‘‘आता हाकारे नाहीत, वाडी नाक्यावर कामाला जाते. विचारायचं कुणाला?’’ असं ते म्हणाले.

डुकरं मात्र आहेत, आणि त्यांच्यासाठी आता जे उपाय होतात त्यांतले काही मला बंदुकीपेक्षा भयंकर वाटतात. शेताभोवती कुणी चोरून विजेची उघडी तार सोडतं. कुणी कणकेच्या गोळ्यात स्फोटक ठेवतं. तार हाळी देत नाही. ती ‘कोण आहे’ म्हणून विचारत नाही. तिच्या समोर कातकऱ्याचं पोर आलं काय, शेजाऱ्याची म्हैस आली काय, किंवा तार सोडणाराच पहाटे विसरून गेला काय, तिला सारखंच. सरकारनं अनुदान दिलेलं सौर कुंपण झटका देतं, मारत नाही. ते माझ्या आजोबांच्या हाळीच्या जातीचं आहे. आणि जिथे बंदुका आहेत तिथे हाळी उरलेली नाही. २०२५च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात मनोरजवळ, बोरशेतीच्या जंगलात, डुकराच्या शिकारीला गेलेल्या माणसांपैकीच एकाला डुक्कर समजून गोळी घातली गेली. ती मोठी, जाणती माणसं होती. परवान्याच्या वयात कुणीच कमी पडत नव्हतं. ‘कोण आहे’ हे दोन शब्द तेवढे कमी पडले.

माझी भाची रोह्याला असते. तिला नेमबाजी शिकायची आहे. पनवेलला सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे. २००४ साली चारशेपैकी चारशे गुण मिळवणाऱ्या, अथेन्स ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणाऱ्या सुमाताई तिथे मुलं घडवतात. रायगड जिल्ह्यातल्या मुलीला आज पहिली बंदूक हातात घ्यायची तर तिनं तिथेच जावं, असं मला मनापासून वाटतं. नेमबाजीच्या जागेचा पहिला नियम मी तिला आधीच सांगितला आहे : सगळ्यांच्या रायफली खाली ठेवल्याशिवाय आणि तशी आरोळी झाल्याशिवाय रेषेपुढे कुणी पाऊल टाकायचं नाही, आणि कुणी रेषेपुढे असताना रायफलीला हात लावायचा नाही. तिला हे नवीन वाटलं नाही. ‘‘हे तर पणजोबांचंच,’’ ती म्हणाली.

तिच्या बाबांनी फॉर्म भरायची तयारी केली. मी म्हटलं, थांबा, दसरा येऊ द्या. दसऱ्याच्या दिवसांत रोह्यात धावीर महाराजांच्या पालखीला सशस्त्र पोलीस मानवंदना देतात, त्या निमित्तानं सगळं घर एकत्र येतं. तिथे आम्ही विचारलं. क्लबात तिच्या समोर कागदाचं लक्ष्य असणार, पण उद्या तिची स्वतःची एअर रायफल घरी येईल तेव्हा घरातल्या त्याच दोन खोल्यांत माझी आई, भाचीचे आईबाबा आणि तिचा दुसरीतला धाकटा भाऊ वावरणार. माझी आई म्हणाली, ‘‘रायफल कुलपात राहील आणि किल्ली माझ्याकडे.’’ भाऊ बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘पिशवीतून काढायच्या आधी तिनं मला सांगायचं. मी हो म्हटलं तरच काढायची.’’

मोठी माणसं हसली. मी त्यांना थांबवलं आणि भाचीला विचारलं, हे मान्य आहे का. तिनं क्षणभर विचार केला. रोजच्या सरावाला हा केवढा अडथळा, हे तिच्या लक्षात आलेलं दिसत होतं. मग ती भावाकडे वळून म्हणाली, ‘‘मान्य. दर वेळी विचारीन.’’ म्हातारबाबा असता तर त्यानं तिथेच होकार दिला असता.

वय सरकारनं ठरवावं, ते योग्यच आहे. हात कसा आहे ते प्रशिक्षकानं बघावं. पण मूल तयार झालं की नाही, हे घरातल्या आणि शेजारातल्या सगळ्यांत लहान, सगळ्यांत कमी बोलणाऱ्या माणसाला विचारून ठरवावं, आणि तो नाही म्हणाला तर वर्षभर थांबावं. कारण बंदूक ज्याच्या हातात असते त्याचं ऐकायला सगळेच तयार असतात. समोरच्याचं ऐकण्याची व्यवस्था मात्र आपल्यालाच करावी लागते.